तुंगाक्काच्या अकरा खऱ्या गोष्टी

१

रविवारी दुपारची जेवणं झाली की संयोगिता ओटा पुसायची, कांदा-लसूण न घातलेल्या चिवड्याचा डबा पिशवीत टाकायची आणि बरोबर अडीचला घराबाहेर पडायची. शेजारणीनं विचारलंच कुठं निघालीस, तर भजनाला म्हणून सांगायची. खरं सांगायची सोयच नव्हती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवणारी, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणारी. ती रविवारी हातात कोयता घेऊन जंगलात राक्षस मारायला जाते, हे सांगायचं कुणाला?

जंगल होतं कसबा बावड्यात, ऋषभच्या पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत. खाली सरकी पेंडीची पोती, वर एक जुनं टेबल, चार खुर्च्या, भिंतीत एक लोखंडी कपाट. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता. खिडकी उघडली की मळीचा वास यायचा आणि चार वाजता भोंगा वाजायचा. ऋषभचं घर जैनांचं, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण. म्हणजे खेळही दिवस मावळायच्या आत संपवायचा. हे संयोगिताला बरं पडायचं. रात्री जागायचं तिचं वय उरलं नव्हतं.

खेळ साधा होता. सोंगट्या नाहीत, पट नाही. नुसते कागद आणि फासे. निशिगंधा त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती गोष्ट सांगायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. बाकी तिघांनी गोष्टीतलं एकेक माणूस घ्यायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, आणि त्याला जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. ऋषभचा भैरू नावाचा भुरटा चोर. कोडोलीच्या यशराजचा एक मांत्रिक, जो स्वतःच अंधाराला घाबरायचा. आणि संयोगिताची तुंगाक्का. नावाडीण, आडदांड, कुणाच्या बापाला न ऐकणारी. घरात जे जमत नाही ते तिथं.

खेळ सुरू व्हायच्या आधी मास्तरणीनं प्रत्येकाला आपल्या माणसाची पूर्वकथा लिहून आणायला सांगितली होती. कुठं जन्मला, कुणाला भितो, काय लपवतो. सगळं खोटं चालंल, ती म्हणाली, पण त्यात एक गोष्ट तुमची स्वतःची खरी घाला. त्याशिवाय माणूस उभं राहत न्हाय.

ऋषभनं एक खरी गोष्ट घातली. यशराजनं एक घातली. संयोगिता पाहुण्याच्या ताटात एक भाकरी टाकून हात आखडता घेणाऱ्यातली नव्हती. तिनं अकरा घातल्या. ग्रंथालयातली सवय, म्हणून प्रत्येकीला नंबरही दिला.

"ताई, एक म्हटलं होतं मी," निशिगंधा कागद बघून म्हणाली.

"असू दे की गं. जड झालं व्हय तुला?"

निशिगंधा हसली नाही. तिनं कागद फाइलीला लावला, फाइल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. कागद या खोलीतनं बाहेर न्यायचे नाहीत, हा दुसरा नियम. असा का, हे कुणी विचारलं नाही. नियम नसले की खेळात मजा नसते, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

२

खऱ्या गोष्टीचा उपयोग होता. खेळात अडचण आली की आपली खरी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची. मग एक जादा फासा टाकायला मिळायचा. वाचलेल्या गोष्टीपुढं निशिगंधा लाल पेनानं बरोबरची खूण करायची. एक गोष्ट, एकदाच.

ऋषभ आणि यशराजचा एकेक फासा पहिल्या महिन्यातच संपला. संयोगिताकडं अकरा. तिची चैन होती. दर रविवारी एक वाचायची, जादा फासा टाकायची, आणि तुंगाक्का दरीवरनं उडी मारायची, अस्वलाच्या पाठीवर बसायची. यशराज म्हणायचा, मावशींनी कोठार भरून ठेवलंय. दहा रविवार झाले, दहा खुणा झाल्या.

आणि एक गंमत झाली. यशराजची खरी गोष्ट विहिरीची होती. लहानपणी कोडोलीच्या मळ्यात तो विहिरीत पडला होता आणि तेव्हापासून विहिरीच्या कठड्याजवळही जात नव्हता. परवा त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्याच विहिरीत हा वरनं सूर मारतोय. भीतीच गेली की, म्हणाला. कशी गेली, कधी गेली, काय म्हाईत न्हाय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संयोगितानंही वाजवल्या. बघा, राक्षस मारून पोराचं भलं झालं, भजनाला जाऊन झालं असतं का?

३

दहाव्या रविवारनंतरचा बुधवार. नवऱ्याला, सयाजीला, वारणानगरच्या दूध संघात सुट्टी होती, म्हणून मटण आणलेलं. संयोगितानं पांढऱ्या रश्श्याला पातेलं ठेवलं. मटणाचं अळणी पाणी तयार होतं. खसखस-तीळ वाटून झालेले होते. नारळाचं दूध वाटीत होतं. ती वाटी हातात घेऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली.

पुढं काय करायचं ते तिला आठवेना.

विसरणं निराळं. विसरलेली गोष्ट जिभेवर असते, तोंड उघडावं तर येत नाही. इथं जिभेवर काहीच नव्हतं. आईच्या हातचा रस्सा ती वीस वर्षं करत होती, आणि आता तिथं धुतलेल्या पाटीसारखी जागा होती. ती स्वतःशी हसली. चाळिशी. थायरॉइड तपासायला पाहिजे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या बाईनं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.

मागनं एक हात आला आणि गॅस बारीक झाला.

"दूध घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं न्हाय. फुटतं. आजी सांगायची न्हाय का?"

ती लेकीची, पूर्णिमाची, मैत्रीण होती. गेले दोन आठवडे ही पोरगी घरातच असायची. पूर्णिमापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, उंच, हनुवटीवर बारीक व्रण. रविवारी संयोगिताला मोपेडवरनं बावड्याला सोडायची आणि परत आणायची. जेवायची इथंच, आणि संयोगिताला सरळ आई म्हणायची. आजकालच्या पोरी मैत्रिणीच्या आईलाही आईच म्हणतात. चांगलंय, गोड वाटतं. पण आजी काय सांगायची हे हिला कुठनं ठाऊक? पूर्णिमानं सांगितलं असेल. ती जरा बडबडीच.

"बस की, पावणीबाई," संयोगिता म्हणाली. "तू कशाला हात भाजून घेतीस. तुझ्या घरी जेवायची वाट बघत न्हाईत व्हय?"

पोरगी तिच्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, आता पुरे झाली हं थट्टा."

संयोगिताची थट्टा घराला नवीन नव्हती. सयाजीला ती लग्न झाल्यापासून ‘अहो पोस्टमन’ म्हणायची. पहिल्या भेटीला तो खाकी शर्ट घालून आलेला. त्यामुळं हेही घरात थट्टेवारीच गेलं. पण जेवताना सयाजीनं ताटावरनं मान न उचलता सांगितलं, थट्टेला बी हद्द असती, पोरगी काल रडत होती. कोण पोरगी, असं विचारायला संयोगितानं तोंड उघडलं आणि मिटलं. चौघांची ताटं होती. चौथं ताट तिनं स्वतःच मांडलं होतं, न मोजता. तिच्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा एक जुना वण होता. विळी लागली असेल कधीतरी. त्या पोरीची नजर सारखी त्या वणावर जात होती.

४

गुरुवारी ती चिवड्याचा विसरलेला डबा आणायला दुकानात गेली. ऋषभचे वडील तात्यासाहेब गल्ल्याजवळ आरामखुर्चीत बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं, मग त्यांनी तिलाच धरलं. ही पोत्यांची थप्पी दिसतीया न्हवं, म्हणाले, आमचा ऋषभ सात वर्सांचा असताना तिच्यामागं झोपला. अख्खी पेठ हुडकत होती. विहिरीत गळ टाकला. शेवटाला आमच्या आईनं, रत्नाबाईनं, त्याच्या घोरण्यावरनं काढला हुडकून, आणि मांडीवर घेऊन सांजपर्यंत बसली. कुणाला हात लावू दिला न्हाय.

संयोगिताला ही गोष्ट माहीत होती. ऋषभनं स्वतःच वाचून दाखवली होती पहिल्या महिन्यात, आणि आजीचं नाव घेताना त्याचा आवाज बसला होता.

ऋषभ पोती मोजत होता. त्यानं वळून बघितलं. चेहऱ्यावर नुसतं नवल.

"ही तर भैरूची गोष्ट, तात्या. तुमाला कुणी सांगितली?"

म्हातारा हसला, पोरगं चेष्टा करतंय समजून. संयोगिता हसली नाही. तिच्या हातातला डबा गार पडला होता; रिकामा डबा गार असतोच, ती स्वतःला म्हणाली.

घरी येऊन तिनं कागद घेतला आणि एक ते अकरा आकडे लिहिले. मग त्यांच्यापुढं आपल्या गोष्टी लिहायला बसली. अकरा होत्या हे आठवत होतं. निळ्या शाईचं पेन आठवत होतं. दहा वेळा आपण उभं राहून वाचलं, सगळे गप्प झाले, फासा पडला, हेही आठवत होतं. काय वाचलं, ते नाही. अकरावीपुढं मात्र तिनं झरकन लिहिलं, कारण ती अजून वाचली नव्हती. धाकटी पुनव, म्हणजे पूर्णिमा, मी घरी येईपर्यंत एका पायावर दारात उभी असते, बगळ्यासारखी.

लिहून झाल्यावर तिचं लक्ष पहिल्या शब्दाकडं गेलं. धाकटी. एकच तर पोरगी. धाकटी कुणापेक्षा?

यशराजला फोन लावावा असं तिला वाटलं. पण विचारायचं काय, की बाबा माझ्या आयुष्यात काय काय झालं? शिवाय तिला त्याचा सूर मारतानाचा चेहरा आठवला. इतका मोकळा चेहरा माणसाला शोभत नाही. तिनं ठरवलं, रविवारी कागद डोळ्यानं बघायचा आणि अकरावी गोष्ट काही झालं तरी वाचायची नाही. पूर्णिमाला धक्का लागू द्यायचा नाही. हे ठरवल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. फाशाच्या खेळाला घाबरली बाई. पण हसू आलं तरी ठरवलेलं तसंच राहिलं.

५

रविवारी खोलीत मळीचा वास नेहमीपेक्षा जास्त होता. निशिगंधानं फाइल काढली, ज्याचे त्याचे कागद समोर ठेवले. संयोगितानं आपला कागद पालथाच ठेवला. आधी बघितला असता तर खेळायला बसली नसती, आणि उठून गेली असती तर कागद परत कपाटात गेला असता.

गोष्टीत त्या दिवशी नदी होती. भैरू पुरात पडला. दोर तुंगाक्काच्या हातात. संयोगितानं फासा टाकला, तीन आला. यशराजनं टाकला, दोन आला. निशिगंधा शांतपणे सांगत होती, दोर ओला हाय, सुटत चाललाय, भैरूचं नाक तेवढं पाण्याबाहेर हाय.

"ताई, एक शिल्लक हाय की तुमच्याकडं," ती म्हणाली.

"वाचा की, वहिनी," ऋषभ म्हणाला. तो हसत होता, पण टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "भैरू मेला तर माझी आजी बी गेली की."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नसावं. तो गोंधळून सगळ्यांकडं बघायला लागला.

संयोगितानं कागद सुलटा केला नव्हता. तिला करायचाही नव्हता. पण अकरावी तिला पाठ होती, आणि समोर एक माणूस बुडत होता, खोट्या नदीत का होईना. उपाशी माणसाला नाही म्हणता येत नाही तसं झालं. तोंड उघडलं.

"धाकटी," ती म्हणाली.

चारचा भोंगा वाजला. तो लांबलचक आवाज संपेपर्यंत सगळे थांबले. तेवढ्यात तिनं तोंडावर हात दाबला आणि मान हलवली. न्हाय. निशिगंधानं लाल पेनाचं टोपण काढलेलं होतं. ते परत लावलं नाही, तसंच टेबलावर ठेवलं.

दोर सुटला. भैरू गेला. ऋषभ उठून खिडकीतनं खाली थुंकला, एवढ्याशा खेळाचं काय, म्हणाला. पुढचा दीड तास कुणाचंच मन लागलं नाही.

६

साडेपाचला समोरच्या घरातनं ऋषभच्या आईनं हाक मारली, दिवस मावळतोय, पानं वाढलीत. तिनं सगळ्यांनाच जेवायला बोलावलं होतं. संयोगिता म्हणाली, मला न्यायला येतील. तिघं जिन्यानं उतरले. निशिगंधानं जाताना फाइल उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. संयोगिताचा कागद फाइलीत नव्हता, तिच्या पिशवीत होता. निशिगंधानं पिशवीकडं बघितलं. बघून ती तशीच खाली उतरली, हे संयोगिताला नंतर फार वेळा आठवलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर उजेड होता. तिथं उभी राहून तिनं वाचलं.

अक्षर तिचंच. दहा लाल खुणा. दहावी रश्श्याची होती. दुसरीत कुणाची तरी आई ताप उतरेपर्यंत काहीतरी गुणगुणत होती. चौथीत कुणीतरी पावसात सायकल ढकलत माहेरी निघालं होतं. चांगल्या गोष्टी होत्या, वाचताना डोळ्यात पाणी यावं अशा. तिच्या डोळ्यात आलं नाही. ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकातनं कुणाचं पत्र पडावं तसं तिनं ते वाचलं.

नववी अशी होती: ‘थोरली लेक राजनंदिनी. घरात नंदू. तिसरीत सायकलवरनं पडली, हनुवटीला चार टाके. टाके घालताना रडली न्हाय, माझा अंगठा चावला.’

संयोगितानं अंगठा बघितला. चंद्रकोर.

खाली पोत्यांच्या थप्पीजवळ मोपेड उभी होती. ती पोरगी हेल्मेट काढून वर बघत होती.

"आई, चल की. पुनव एकटी हाय घरात."

संयोगिता तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. वीस वर्षांचं काहीतरी त्या चेहऱ्यात असायला पाहिजे होतं. शोधलं तिनं, जीव लावून शोधलं. एक नीटनेटकी, दमलेली, परकी पोरगी उभी होती. मग तिनं ठरवलं. येत नसेल तर पाठ करायचं. माणसं देवाची स्तोत्रं पाठ करतात. तिथंच, त्या वळणावर, तिनं नववी गोष्ट सात-आठ वेळा वाचली, शाळेतल्या पोरीसारखे ओठ हलवून. नंदू. तिसरी. सायकल. चार टाके. माझा अंगठा. अकरावी तिनं वाचली नाही. ती कशाला पाठ करायची? ती तर तिची स्वतःची होती.

दोन पायऱ्या उरल्या असताना ती म्हणाली, "नंदू."

पोरीचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. दोन आठवड्यांचा ताप उतरावा तसा. ती पुढं आली, आणि मधेच थांबली. तिची नजर संयोगिताच्या खांद्यावरनं वर गेली, जिन्यावर.

"वर कोण राहिलंय?"

वर कुणी नव्हतं. तिघं समोरच्या पडवीत पानावर बसलेले इथनं दिसत होते. पण वरच्या खोलीत टेबलावर एक फासा पडला. एकच. तो बराच वेळ घरंगळत राहिला. मग थांबला.

मग खुर्ची सरकली आणि कुणीतरी वाचायला लागलं. बाईचा आवाज होता, भरलेला, कुणाच्या बापाला न ऐकणारा. शब्द नीट कळत नव्हते, पण वाक्य मधूनच सुरू झालं होतं. पहिला शब्द त्यात नव्हता. पहिला शब्द संयोगितानं दुपारीच वर सोडला होता.

नंदूनं एक पाऊल जिन्याकडं टाकलं. ती हसत होती, लहान मूल हसतं तशी, वर, त्या आवाजाकडं बघून. संयोगितानं तिचं मनगट धरलं. अनोळखी मनगट होतं. तरीही धरलं, घट्ट, वण असलेल्या अंगठ्यानं.

"गाडी काढ," ती म्हणाली. "मागं बघू नको."

७

वाटेत उसाचे ट्रॅक्टर होते. नंदू एका हातानं डोळे पुसत गाडी चालवत होती. संयोगिता तिच्या कमरेला मिठी घालून बसली होती आणि तिच्या पाठीशी पुटपुटत होती. नंदू. तिसरी. सायकल. चार टाके. एक शब्द सुटला नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटत होतं. एक परत आणली. हळूहळू बाकीचंही पाठ करू. कागद पिशवीत आहे, घर आठ मिनिटांवर आहे, आणि घरात जेवायला आपण तिघं. सयाजी, नंदू आणि मी.

तिघंच ना? तिनं परत मोजलं. तिघंच.

गाडी गल्लीत वळली. अजून थोडं ऊन होतं. घराचं दार उघडं होतं आणि दारात एक पोरगी एका पायावर उभी होती, बगळ्यासारखी.

"आलीस व्हय आई? किती गं उशीर," ती म्हणाली.

संयोगिताला बरं वाटलं. नंदूची मैत्रीण असणार. आजकालच्या पोरी किती गोड बोलतात. पीठ थोडं जास्त भिजवावं लागेल, तेवढंच.

"ये की आत, पावणीबाई," ती म्हणाली. "आता जेवूनच जा."

मोपेड बंद करायला गेलेला नंदूचा हात किल्लीवर तसाच राहिला. दारातल्या पोरीचा वर धरलेला पाय सावकाश खाली आला आणि जमिनीला टेकला.